काळी तीन

सकाळी नऊलाच मी तिन्ही पुसून ठेवले होते :
दाराशी लाल, स्वीडनहून आलेला,
मध्ये जपानी, हाडासारख्या खरबरीत पट्ट्यांचा,
आणि भिंतीकडचा इटालियन,
ज्याची किंमत मी चिठ्ठीवर लिहीत नाही,
कुणी विचारलीच तर हळू सांगते.

टाकोराडीत, मार्केट सर्कलच्या मागे, आमचं दुकान.
बंदरावरून येणारी हवा इतकी खारट
की ट्रम्पेट आठवडाभरात हिरवं पडतं.

तिघं आले.
मादाम एसिलफी, चर्चच्या खजिनदार,
पर्स पोटाशी, तान्हं धरावं तशी.
क्वान्सामास्तर, ऐंशीच्या घरातले,
जे दारातच खुर्ची मागून बसले.
आणि फीफी. वेल्डर.
मनगटापर्यंत ठिणग्यांचे बारके डाग.

त्यानं आधी हेडफोन लावला.
आम्हाला ऐकू आलं ते फक्त
लाकडावर लाकूड पडल्यासारखं, टप, टपटप, टप.
मादाम म्हणाल्या, "यालाच इतके पैसे?"
मी हेडफोनची पिन उपटली
आणि दुकान एकदम भरलं.

लाल हलका. बोट ठेवायच्या आत बोलून मोकळा.
जपानी आधी ऐकून घेतो, मग उत्तर देतो.
इटालियनची पट्टी तळाला गेली असं वाटतं,
तरी तिच्या खाली अजून थोडी जागा असते,
तिथवर दाबलं की सूर किंचित थरथरतो.
फीफी तिथवर गेला, चटका बसल्यासारखा परतला,
पुन्हा गेला.

मी रोज माणसं वाजवताना बघते.
मला तासाभरानं कळलं :
हा काळी तीनला हात लावत नाही.
तिच्यापाशी आला की बोटं वळसा घेतात,
रस्त्यात भोवरा असल्यासारखी.
तिन्हींवर तेच.

विचारलं तर तो हसला.
चर्चमधल्या जुन्या कीबोर्डची ती पट्टी मेलेली,
मधल्या सप्तकातली. सात वर्षं.
तेव्हापासून सगळी गाणी पांढरी एक नाहीतर पांढरी चार,
जिथं तिचं काम पडत नाही.
"लग्नं लावली तिच्यावाचून," तो म्हणाला,
"आणि माझ्या आईला पोचवलं."
क्वान्सामास्तर खुर्चीतूनच बोलले,
"आमची जुनी गाणी पांढरी पाचची.
यानं खाली आणल्यापासून
देव जरा बुटका वाटतो."

तेवढ्यात वीज गेली.
पंखा थांबला, तिन्ही किंमती विझल्या.
फीफी थांबला नाही.
अंधुकात तो एकावरून दुसऱ्यावर सरकत राहिला,
टप, टपटप,
आता खरी तुलना, मी मनात म्हटलं,
आता नुसतं वजन.
शेवटी तो जपानीपाशी राहिला.
मागे कुणीतरी जनरेटरची दोरी ओढत होतं,
तिसऱ्या शिवीला तो सुरू झाला.

मादामनी पैसे दोनदा मोजले.
कमी पडले. उरलेले चार हप्त्यांत, लिहून दिलं.
सही करून पेनाचं टोपण लावलं,
आणि जाता जाता, ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी,
अंगठीच्या बोटानं काळी तीन दाबली.
बाजारात नारळ वाजवून घेतात तशी.

वाजली.
बराच वेळ वाजली.
मास्तरांनी तोंड उघडलं, गायले मात्र नाहीत.
फीफी रस्त्याकडे बघत होता.

नवा डबा गोदामातून काढून दिला.
संध्याकाळी नमुन्याचे तिन्ही पुसायला घेतले.
सगळ्या पट्ट्यांवर घामाचे ठसे,
लालच्या काळी तीनवर नाही,
इटालियनच्या नाही.
जपानीच्या आहे, एक, गोल,
थोडा पावडरीचा.
तेवढा राहू दिला.