ताण

नानलपेठेत माझं दुकान, दहा बाय सात.
अर्ध्यात सायकलच्या ट्यूबा, अर्ध्यात रॅकेटी.
बाप बाजा विणायचा.
सुंभ ओढायचा, अंगठ्यानं दाबायचा, गाठ मारायची,
एवढंच त्यानं शिकवलं. बाकीचं मुनीरुद्दीन काझींनी.
पहिली रॅकेट समोर टाकली आणि म्हणाले,
बाजच समज,
फक्त हिच्यावर कुणी झोपणार नाही.

बाहेर बाकड्यावर भांडण अजून चालूच आहे.
काझी वकील मोठा का हुडे कॅशियर?
पाठक मास्तरांकडे वही आहे: सामने एकसष्ट,
काझी एकतीस, हुडे तीस.
"झालं की मग," म्हणतात मास्तर.
"काय झालं? हुडे सेलूहून एसटीनं यायचा, उभ्यानं,
आन् उतरला की सर्व्हिस.
हे हाय का तुमच्या वहीत?" चांदपाशा विचारतो.
"बॅकहँड?"
"बॅकहँड काझीचा."
"पाय?"
"पाय हुडेचे."
"मग डोकं?"
इथं चहा येतो.

मला कुणी विचारत नाही.

दोघांची तात माझ्याच बोटांतून गेली.
काझींची तुटायची एकाच जागी,
मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात.
बाकीची जाळी कोरी, दिली तशी.
हुड्यांची कडेला तुटायची, वर तुटायची, खाली,
एकदा तर पार लाकडाशी,
म्हणजे चेंडू जिथं सापडला तिथं गाठलेला.
काझींना ताण अठ्ठावन्न पौंड.
नखानं वाजवायचे, कानाशी धरायचे,
"अजून एक चढव."
हुड्यांना अठ्ठेचाळीस. "सैल असू दे गड्या,
चेंडूला घडीभर टेकू दे."

हे कुणाच्या वहीत लिहू?

एका उन्हाळ्यात नगरपालिकेनं कोर्टाचं पाणी तोडलं.
मुरूम उडायला लागला, पांढऱ्या रेघा वाऱ्यानं नेल्या.
तरी फायनल झाली.
तिसऱ्या सेटला नऊ-नऊ, आणि धुळीत चेंडू दिसेना,
फक्त आवाज, इकडून ठाम, तिकडून जरा मऊ.
तहसीलदार म्हणाले, बरोबरी.
दोघंही चिडले. हरलो असेन तर हरलो म्हणा,
बरोबरी काय म्हणता!
तो सामना मास्तरांनी धरलेला नाही.

काझी गेले. चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी
हुडे आले, गुडघ्याला पट्टी,
रॅकेट टेबलावर ठेवली.
"अठ्ठावन्न बांध."
साहेब, मनगट जाईल.
"बांध म्हणलं ना."

सकाळी दुकान न उघडता मी कोर्टावर गेलो.
समोर वॉचमनची नात, नववीतली, पायात चपला.
हुड्यांचा पहिला चेंडू जाळ्यात.
दुसरा जाळ्यात.
तिसरा जाळ्यापर्यंतसुद्धा नाही.
पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती.
हुडे रॅकेट उलटीपालटी करून बघत राहिले.
"रॅकेट कुठली, पोळपाट हाय हा.
ह्याच्यावर खेळायचा व्हय तो?"
मग मोठ्यानं हसले, खोकला येईस्तोवर.
"आन् असल्या माणसाला मी तीसदा..."
पुढं बोलले नाहीत.
बोटांवर काहीतरी मोजत होते,
तीसपाशी थांबले का एकतीसपाशी
मला कळलं नाही.

जाताना रॅकेट दुकानात ठेवून गेले.
"कापू नको."
खिळ्याला टांगली आहे, पंपाच्या वर.

तात नुसती टांगली तरी उतरते,
ह्या हवेत तर लवकरच.
कधी गिऱ्हाईक नसलं की नखानं वाजवतो,
कानाला सवय आहे, पौंड कळतात.
परवा वाजवली.
त्रेपन्न भरली.
बाहेर मास्तर वही उघडत होते,
चहा यायचा होता अजून.