येण्याचे कारण

घोडेमाळावर, सडा संपतो तिथं,
जांभ्या दगडाची ही लांबलचक इमारत.
बारा खोल्या, बारा खिडक्या, सगळ्या पश्चिमेला.
पाहुणे म्हणतात, काय व्ह्यू ठेवलाय!
मी म्हणते, हो.
व्ह्यूसाठी नव्हत्या त्या. खाऱ्या वाऱ्यासाठी होत्या,
छातीला भोकं पडलेल्या माणसांसाठी.
इंजेक्शनं बोटीनं यायची, पेशंट डोलीतून,
आणि माझी आई मागच्या पडवीत
पितळेच्या थुंकदाण्या उकळायची.
त्यांत आता अबोली लावलीय.
लोक फोटो काढतात. काढू देत.

आता राहायची सोय आहे, नाश्त्याला घावणे.
हॉलमध्ये कधी रक्तदान, कधी आंबा बागायतदारांची सभा,
कधी एखादं लग्न, वाजंत्री वेळेवर आणि नवरा उशिरा.
शिमग्यात अंगणात नमन.
नोंदवही मी ठेवते: नाव, गाव, फोन, येण्याचे कारण.
लोक लिहितात हवापालट. विश्रांती. सहज.
एकानं लिहिलं होतं: बायकोनं सांगितलं.

अब्बास सोलकर, वय एक्क्याऐंशी,
नमनाच्या दिवशी दुपारी आले, एसटीच्या थांब्यापासून चालत.
कारणाचा रकाना कोरा.
"पाच नंबर मोकळी हाय?"
पाच नंबरचा पंखा फार वाजतो, मी म्हटलं.
"वाजू दे."

चहा पिताना बोलले, तेही बशीकडे बघत.
बहीण होती. जैनब. सोळा वर्षांची.
इथं अकरा महिने.
घर खाली, खाडीच्या तोंडाशी. पोरांना वर यायची बंदी.
मग ठरलं असं, की इशाची नमाज झाली
की तिनं खिडकीत कंदील हलवायचा.
एकदा म्हणजे बरी आहे.
दोनदा म्हणजे जेवले.
तीनदा म्हणजे अब्बास, झोप आता.
"आमच्यात कंदील एकच. तो बाबा होडीवर न्यायचे.
मी काळोखात उभा राहून हात हलवायचो.
तिला काय दिसणार?"
बशी पुसून काढावी तशी त्यांनी बोटानं पुसली.
आईला ती आठवत असती का?
विचारायला आई नाही.

रात्री मृदुंगावर थाप पडली.
गण झाला, गौळण झाली,
संकासुर घुंगरं वाजवत थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांत घुसला,
पुण्याची दोन पोरं आईच्या पदरात.
सोलकर कवळी सावरत हसत होते,
"ह्यो आमच्या वेळेला अजून वाईट होता!"
मग खुर्ची रिकामी दिसली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.
दार उघडं, दिवा बंद, ते खिडकीशी.
खाली जेटीचे झगझगीत खांब, बर्फाचा कारखाना,
टॉवरचा लाल डोळा, हायवेची रांग.
"घर कुठलं तेच गावत नाही," म्हणाले.
आणि मग, "बॅटरी हाय काय वो तुमच्याकडं?"

दिली.
किती वेळा हलवली ते मी मोजलं नाही.
ते मोजणं माझं नव्हतं.
खालून काही उत्तर आलं नाही.
होड्यांचे दिवे हलत होते, पण ते हलतातच.
अंगणात कुणीतरी शिट्टी मारली, लोक हसले,
पंखा वाजत राहिला.

सकाळी पहिल्या गाडीनं गेले.
पैसे रोख, चादर स्वतः घडी घातलेली.
कोऱ्या रकान्यात थरथरत्या अक्षरात:
मी पण हात हलवत होतो, ते कळवायला.

नऊला बागायतदार आले, चाळीस चहा,
हॉलचा माईक नेहमीसारखा बिघडलेला.
दुपारी पाच नंबर झाडायला गेले तर
बॅटरी खिडकीतच, तोंड समुद्राकडं,
बटण चालू, उजेड संपलेला.
खरेदीच्या यादीत
साखर आणि फिनेलच्या खाली मी लिहिलं:
सेल, दोन.