चार चाळीसचा नंबर

किसिमीत माणसं आता रांगेत उभी राहत नाहीत.
रांग असते, पण मनगटात.
रबरी पट्टी, आत तांदळाएवढी चिप,
गुर्र झालं की समजायचं, लागला नंबर.

मी आधी पेलिकनच्या रांगेवर होते. नऊ वर्षं.
लोखंडी कठडे, वळण, परत वळण,
उन्हाने वितळलेली पोरं.
लोक शिव्या द्यायचे, सँडविच खायचे,
अनोळखी बाईच्या कडेवर आपलं बाळ देऊन
बुटाची नाडी बांधायचे.
टाम्पाचा एक म्हातारा दर मंगळवारी फक्त रांगेसाठी यायचा.
दाराशी पोचला की टोपी काढायचा, मागे फिरायचा,
परत जाऊन शेवटी उभा.
पट्ट्या आल्या तसा तो यायचा थांबला.
कठडे अजून आहेत, हात लागून लागून गुळगुळीत.
त्यांच्यावर आता बगळे बसतात.

मला मागच्या खोलीत टाकलं.
हरवलेल्या पट्ट्या तिथे येतात,
लाटांच्या तलावाच्या जाळीतून, कचऱ्याच्या डब्यांतून,
एक तर बदकाच्या पायातून काढली.
साबण, मग स्पिरिट, मग यंत्रावर ठेवायची,
बटण दाबायचं,
की नाव गेलं, गाव गेलं, सगळे नंबर गेले.
दिवसाला तीनशे.

गुरुवारी एक जांभळी आली.
अगदी शेवटच्या भोकाला लावलेली, म्हणजे मनगट केवढंसं असेल.
दुपारी विजा झाल्या होत्या, निम्मं पार्क हॉटेलांत पळालं होतं.
बटणावर बोट होतं माझं
आणि ती गुरगुरली.
पडद्यावर: मारेन. पेलिकन. चार चाळीस. दहा मिनिटांत या.

आता बघा, मी पोन्सेची.
वादळानंतर आमच्याकडे बर्फाला रांग लागायची,
पहाटे तीनपासून, घरातला एकेक जण आळीपाळीने.
आई सगळं माफ करायची,
नंबर वाया घालवणाऱ्याला नाही.

पट्टी माझ्या मनगटात बसेना. मुठीत धरून गेले.

दारावर फ्रिट्झनर होता.
मी मूठ टेकवली. हिरवा दिवा.
आणि घंटा वाजली, वाढदिवसाची.
त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं,
परत पडद्याकडे.
"सात पूर्ण," तो म्हणाला, "अभिनंदन."
मग गंभीर चेहऱ्याने मला लाकडी पेलिकनशेजारी उभं केलं,
चोचीपर्यंत उंची भरते का ते बघितलं.
"भरते," म्हणाला. "जा."

नऊ वर्षांत एकदाही बसले नव्हते.
चढताना साखळीचा आवाज खालून ऐकू येतो तसा नसतो,
तो दातांत येतो.
वरून पार्किंग दिसलं, तळी दिसली,
आणि माझे कठडे, रिकामे,
कुणीतरी लिहिता लिहिता सोडून दिलेल्या ओळीसारखे.
मग पुढे काहीच नव्हतं.
मी ओरडले.
कुणाला हाक मारली ते सांगणार नाही.

उतरल्यावर पाय लटपटत होते आणि तेव्हा आठवलं,
दुसऱ्या उतारावर कॅमेरा आहे.
फोटो आपोआप जातो,
पट्टी ज्याची त्याच्या घरच्यांना.
म्हणजे कुठल्याशा हॉटेलात,
खुर्चीच्या पाठीवर ओले मोजे वाळत असताना
एका आईचा फोन वाजणार,
आणि मारेनच्या जागी
गणवेशातली त्रेपन्न वर्षांची बाई,
डोळे गच्च मिटलेले, तोंड हे एवढं उघडं,
छातीवर बिल्ला: इवेलिस, पोन्से.
फोटोखाली छापलेलं असणार, आजचा दिवस तुझा.

खोलीत आले. पट्टी यंत्रावर ठेवली.
फोटो: पाठवला.
फोटो: पाहिला.
मी स्पिरिटची बाटली उघडून तशीच उभी राहिले.
फोटो: पुन्हा पाहिला.

मग बटण दाबलं.
सहापर्यंत अजून चाळीसेक पट्ट्या पुसायच्या होत्या.