कोरडा क्लच

डाव्या गुडघ्यानं राजीनामा दिला
म्हणून दोन पेडलांची गाडी घेतली,
सेकंडहँड, राखाडी, एका दाताच्या डॉक्टरची.
तिसऱ्या महिन्यात पवईच्या चढावर
ती थरथरायला लागली,
आणि काचेमागे अक्षरं उमटली:
गियरबॉक्स गरम. गाडी थांबवा.

थांबवा?
पाऊण तास थांबलेलीच तर होती.

कलिन्याच्या गल्लीत दस्तगीर मिस्त्रीनं
बाकाखालून एक जुनी चकती काढून
माझ्या हातात दिली.
भाकरीएवढी. काठ निळे पडलेले.
वास कालच करपल्यासारखा.

"अशा दोन असतात," तो म्हणाला.
"एकीकडे एक, तीन, पाच, सात.
दुसरीकडे दोन, चार, सहा.
एक हात सोडते तेव्हा
दुसरीनं पुढचा गियर आधीच काढून ठेवलेला असतो.
म्हणून तुम्हाला धक्का कळत नाही."

मी 'आधीच'पाशी अडले.
तो पुढे गेला होता.

"ही कोरडी. हवेवर जगते.
पेट्रोल कमी पिते, हट्ट नाही, लाड नाही.
मोकळ्या रस्त्यावर हिच्यासारखी गुणी नाही.
पण तुमचा रस्ता कुठला?"
जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, म्हटलं.
त्यानं हात पुसायचं फडकं शोधलं.

ओली तेलात बुडून असते.
ताप चढला की तेल वाहून नेतं.
तेल बदलावं लागतं, पंप फिरत राहतो,
थोडं पेट्रोल त्या कौतुकातच जातं.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं आई म्हणायची.
इथे सुकं एकटंच जळतं.
ओलं शेजारच्या लेनमध्ये
काचा वर करून उभं असतं.

पैसे मोजून घेताना म्हणाला,
"ब्रेक अर्धा सोडून सरकत राहू नका, ताई.
पुढच्याला जाऊ द्या. जागा होऊ द्या.
मग जा, पण पुरतं जा.
चालवून नाही जळत ही.
अर्धवट धरून ठेवल्यानं जळते."

तेव्हापासून मी जागा सोडते.
सोडली की रिक्षा घुसते,
रिक्षामागे डिलिव्हरीचा पोरगा,
त्याच्या पाठीवर कुणाचीतरी गरम बिर्याणी.
मागचा टेम्पो हॉर्नवरच झोपतो.
या शहरात एक गाडीभर रिकामी जागा
म्हणजे कुणाचातरी अपमान असतो.

काल गांधीनगरच्या पुलाखाली
हेमूचा फोन. भांडुपच्या खोलीचं काय ठरलं?
अकरा महिने मी 'बघू' म्हणतेय.
विकायची नाही, हे तोंडून निघत नाही.
राहायला जाईन, हेही नाही.
किल्ली पर्समध्ये, वीजबिल माझ्या नावावर,
सरकतेय.

"ऐकतेयस ना?" तो म्हणाला.

समोर दीड गाडीची जागा झाली होती.
रिक्षावाल्याचं लक्ष नव्हतं.
मी ब्रेकवरून पाय पुरता उचलला.
पहिला पडला.
आत कुठेतरी
दुसरा तयार होऊन बसला होता.