चार खेपा

तासगाव रस्त्याला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज,
त्याच्यावर दोन खोल्या, त्यात आम्ही एकोणीस सदस्य.
फोन संध्याकाळीच गोळा झाले
भडंगाच्या रिकाम्या डब्यात.
डबा अधूनमधून थरथरतो,
आतून कुणाची तरी बायको विचारत असणार, जेवलात का.

खालून मशीनची घरघर.
चार अंशांवर टनावारी बेदाणा झोपलाय
भाव चढायची वाट बघत.
हणमंतअण्णा म्हणाले, "आपणबी तेच की."
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

उद्या अकराला जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची निवड.
पक्षानं नाव दिलंय जालिंदरआबांचं.
नाव वाचल्यावर शशिकलाताईंनी चष्मा काढून पुसला,
परत वाचलं. नाव तेच होतं.

आबांचे टँकर साऱ्या जिल्ह्याला ठाऊक,
दुष्काळाच्या सालात कागदावर धावलेले.
चौकशीत नंबर तपासले, तर
एक निघाला लुनाचा,
एक मिरजेच्या बँडवाल्याच्या रिक्षाचा.

"तीस वर्षं पोरींना नागरिकशास्त्र शिकवलं मी,"
शशिकलाताई एवढंच म्हणतात, परत परत.
अन्वरभाई म्हणतात, "व्हिप मोडला की सहा वर्षं घरी.
आणि आबा नकोत, तर येणार कोण? पलीकडचा?
त्यानं पाझर तलाव गिळलाय, भिंतीसकट."
विट्याचे अण्णा गलाईतले, सोनं आटवणारे:
"आटवल्याबिगर कस कळत नाही, ताई.
पण आटवाय घेतलं की घट येतीच."

मी गप्प.
जतच्या कडेचा माणूस, भांडतो कन्नडमध्ये,
सही करतो मराठीत.

त्या साली सरपंच मी होतो.
टँकरच्या वहीत रकाना होता: आलेल्या खेपा.
आबा स्वतः आले, चप्पल काढून कट्ट्यावर बसले,
ताक प्यायले, मिशी पुसली.
"मलाप्पा, दोन येतील. चार लिही.
दोनाला दोन लिहिलंस, तर एकबी यायची नाही."
मी चार लिहिलं.
पंच्याऐंशी दिवस चार लिहिलं, निळ्या पेनानं, वळणदार.
आणि दोन आल्या. रोज आल्या. हेही खरं.
शेजारच्या गावानं खरं ते लिहिलं,
त्यांची वही स्वच्छ राहिली, हौदही.

उरलेल्या दोन खेपा आबा प्यायले म्हणतात.
त्यातला घोटभर माझ्या सहीचा.

"तुम्ही दुष्काळातले, तुम्ही बोला की,"
शशिकलाताई माझ्याकडे वळतात.
मी म्हणतो, "पाणी द्या जरा."
हे मी खरंच तहानेनं म्हणालो,
पण खोलीत केवढा हशा पिकला.

रात्री तीनला कुणीतरी बाथरूमचा नळ उघडा टाकला.
उठून बंद केला मी. दोनदा.
सकाळी व्हिपचा कागद फिरला,
पोच म्हणून सही.
पेन निळं होतं. अक्षर अजून तसंच आहे माझं.

बस सांगलीत शिरली तसा हळदीचा वास आला.
ताई खिडकीकडे तोंड करून बसलेल्या,
ओठ हलत होते, आवाज नाही.

सभागृहात हात वर करून मतदान.
पीठासीन अधिकारी पेनाच्या टोकानं मोजत येतात.
अन्वरभाईंचा वर. अण्णांचा वर, घड्याळासकट.
ताईंचे दोन्ही हात मांडीवर, पदराखाली,
एकमेकांना धरून.
ताईंचं धाडस मला दिसलं. त्यांची वहीही दिसली, स्वच्छ.

माझा हात खांद्यापर्यंत आला,
मग कानाशी थांबला,
नीट ऐकू येत नसलं की माणूस धरतो तसा.

"जतचे सदस्य," साहेब थांबले,
"वर आहे, का खाली?"

सभागृहातला पंखा तेवढा बोलत होता.
मागच्या रांगेतून आबांचा आवाज आला,
मऊ, ताक मागावं तसा:

"वरच आहे, साहेब. लिहा."