चौथा ठिपका

गाडी डावीकडं ओढूलाली, सुग्रीव,
म्हणल्या कानडखेडकर बाई
आणि चावी ठेवली लेथच्या बेडवर,
जिथं कुणी चावी ठेवत नसतं.

बासष्ट सालची फियाट. रंग कधीकाळी दुधीभोपळ्याचा.
हिच्यातून बाई शाळा तपासायला जायच्या,
बोरी, जिंतूर, चारठाणा,
मागच्या सीटवर हजेरीपटांचे गठ्ठे,
आणि लोक रस्त्यात थांबून बघायचे
की गाडी तर आली, चालवणारा कुठाय.
बाई बुटक्या आहेत.

ड्रम निघता निघंना.
कडेकडेनं लाकडी हातोडी,
थोडं रॉकेल, थोडी शिवी,
मग परत थोडं रॉकेल.
सुटला तो एकदम, मांडीवरच आला,
आणि आत तीच ती काळी धूळ.

इलाही उस्ताद ही धूळ तोंडानं फुंकायचे.
चाळीस वर्षं. एका फुंकरीत ड्रम लख्ख.
शेवटी चहा निववायलाही वारा उरला नव्हता.
सरकारी दवाखान्यात दोन उशांना टेकून
मला म्हणले, ओला कपडा ले रे, हल्लू पोंछ.
मी ओला कपडा घेतो.
पोराला दाराबाहेर उभं करतो.

उजव्या चाकाचा सिलिंडर पाझरत होता,
बूट तेलानं भिजून गुळगुळीत, कामातून गेलेला.
सगळा भार डाव्यानं घेतला,
लायनिंग संपलं, रिबिटं उघडी पडली,
रिबिटांनी ड्रमच्या आत तास ओढले
पाभरीनं ओढावेत तसे.
दोष उजव्याचा, बोभाटा डाव्याचा.

पुसता पुसता कडेला बोट अडखळलं.
तीन ठिपके. पंच ठेवून मारलेले.
उस्तादांची रीत: एक छिलाई, एक ठिपका,
पुढं उघडणाऱ्याला कळावं
किती लोखंड गेलंय ते.
पहिला गोल. दुसरा गोल.
तिसरा वाकडा, शेपूट फुटलेला.
तो माझा.
बारा वर्षांचा होतो, पंच निसटला, अंगठा फुटला.
उस्ताद रागावले नाहीत. हळद लावली, म्हणले,
बनी तो बनी, नहीं तो परभनी.

कॅलिपर लावला. दोनदा लावला.
आत जागा होती एका छिलाईची,
ती पण हात आखडून.

लेथवर चढवला, टूल टेकवलं.
पहिल्या फेरीला आवाज तुटक तुटक,
उंच तिथं बोलतो, खोल तिथं गप्प.
दुसऱ्या फेरीला जरा लांब.
तिसऱ्या फेरीला आवाज सलग झाला
आणि मी बटन दाबलं.
एक बारीक रेघ तेवढी उरली होती.
राहू दिली.

मग उजवा ड्रमही डाव्याच्या मापाला.
नवं लायनिंग, मधून सुरू करून कडेकडं रिबिटं,
टोकं कानशीनं मोडलेली,
सिलिंडरला नवे रबर.
पोरगं पायडलवर: दाब. धर. सोड.
सगळ्यात लांबचं चाक आधी.
बाटलीत बुडबुडे आले, विरळ झाले, थांबले,
तरी पोरगं दाबतच होतं
मोबाईलात बघत.

ड्रम बसवायच्या आधी पंच घेतला.
एकच ठोका. गोल बसला.
हे काय, पोरानं विचारलं.
हिशेब, म्हणलं.

बाईंना सांगितलं,
याच्यापुढं छिलता येणार नाही, ड्रमच नवा लागंल,
आणि तो कुठं मिळत नाही.
किती वर्षं काढंल?
ते चालवण्यावर हाय.
मग दहा धर, म्हणल्या बाई, आणि उशी मागितली,
बसायची, खालून उंची यावी म्हणून.

जिंतूर रोडला, साठाच्या वेगात,
बाईंनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले
आणि ब्रेक दाबला.
मी शेजारी डॅशबोर्ड धरून.
गाडी सरळ थांबली.
नव्या लायनिंगचा जळका वास आला काचेतून.
पुढं चार हातांवर एक म्हैस उभी होती,
तिनं मान पण वळवली नाही.