मुद्देमाल क्रमांक सतरा

इतवाऱ्याच्या ठाण्यात, डीबीच्या खोलीत
जप्तीतला टीव्ही. बत्तीस इंची.
त्याच्या सीलची लाख कागणे हवालदारानं
नखानं अशी अलगद उचलली,
इतकं बारीक काम त्याच्या हातून
कुठल्याच तपासात झालं नव्हतं.

रात्री साडेदहाला मालिका लागते.
कुठल्याशा महानगरातले डिटेक्टिव्ह,
काचेचं ऑफिस, मगात कॉफी,
चोर बावीस मिनिटांत सापडतो
आणि न दिसणारी माणसं मधूनच हसतात.

"आपल्याला कुणी हसत नाही," सोनटक्के बाई म्हणतात.
"हसतेत की," करतारसिंग म्हणतो, "आपण गेल्यावर."

मोहसीन आरोपीला आधी चहा विचारतो,
दोघं तर चहावरच कबूल झाले.
मालिकेतला विसरभोळा आपल्यात कोण,
याची चौकशी अजून चालूच आहे.

मंगळवारी नूरबी आल्या. कोर्टाचा आदेश
पिशवीत, शेवग्याच्या शेंगांखाली.
पंचनामा, अंगठा. आणि सील?
सगळे छताकडं बघूलाले.
गुट्टे साहेबांनी घसा खाकरून लिहिलं:
'तांत्रिक तपासणीकामी काढले.'

म्हातारीनं पडद्यावरून पदर फिरवला.
चार महिने झाले, कणभर धूळ नाही.
एकेकाचं तोंड न्याहाळत म्हणाली,
"काय रे, त्या मिशावाल्याचं जमलं का
त्या बाईसंगं?"

"नाही अजून!"
पाची आवाज एकदम.

करतारसिंगानं टीव्ही रिक्षात नेऊन ठेवला,
दोरीनं बांधला, वर उशी लावली.

रात्री साडेदहाला सोनटक्के बाईंनी
खुर्ची रिकाम्या टेबलाकडं वळवली, सवयीनं.
वायरलेस खरखरला: वजिराबाद, मोबाईल चोरी.
सगळ्यांनी एकाच वेळी एकच टोपी उचलली.

कुणीतरी हसलं.
खोलीत आम्ही पाचच होतो.